न वाळलेला ठसा

१

संस्थेत तिला सगळे घारबाई म्हणत, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. नजरच तशी होती. दळलेल्या खडकाची चिमूटभर वाळू मायक्रोस्कोपखाली पसरायची आणि तिच्यातून झिरकॉन नावाच्या खनिजाचे दाणे एकेक करून वेचायचे, हे तिचं काम. दाणा केवढा, तर केसाच्या जाडीएवढा. चिमट्यात धरायला गेलं की टुणकन उडून जमिनीवर, मग शोधा बसून. म्हणून तिने एका काडीच्या टोकाला पापणीचा केस चिकटवला होता. दाण्याला तो नुसता टेकवला की दाणा अलगद चिकटून यायचा. केस तिच्या सहा वर्षांच्या मुलीचा होता. एकदा गालावर गळून पडला होता, तो हिने फुंकर न मारता जपून ठेवला. पोरीला आत्तापासूनच कामाला जुंपलंस, म्हणून नवरा चिडवायचा.

नवरा त्याच संस्थेत, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. जमिनीत खोल भोक पाडून काढलेले खडकाचे दंडगोल तिथे लांबट पेट्यांतून येत आणि तो ते पाण्याखाली फिरणाऱ्या करवतीवर कापत असे. त्याला म्हणायचे करवत्या. करवतीच्या किंचाळण्यावर आवाज चढवून गाणारा, कुणाच्याही डब्यात हात घालणारा, चहा गार मिळाला तर पाच मिनिटं रुसणारा आणि सहाव्या मिनिटाला विसरणारा माणूस.

घरी यायची त्याची एक पद्धत होती. दार उघडलं की समोर मुलगी उभी असे. हा वाकून तिच्या कपाळावर हलकेच टिचकी मारी आणि दार ठोठावल्याच्या थाटात विचारी, "आत कोण आहे?" ती ओरडे, "मी आहे!" मगच तो उंबरा ओलांडी. इतक्या वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. पोरीचं खरं नाव त्यामुळे शाळेच्या वहीपुरतं उरलं आणि घरात ती टिचकीच झाली.

२

त्या दिवशी शेडमध्ये आलेली पेटी मॅडमची होती. मॅडम म्हणजे घारबाईच्या वरिष्ठ. गेली सहा वर्षं त्या एकाच थराच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. अडीचशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर उघडा पडलेला खडक, पावसापाण्याने कुजून त्याची माती झाली, ती माती पुढे गाडली गेली आणि दाबाखाली पुन्हा दगड झाली. तेव्हापासून तिला कुणी पाहिलं नव्हतं.

शेडमधल्या जुन्या लोकांची एक खोड होती. कापलेला तुकडा मातीपासून झालेला आहे की नाही हे ओळखायचं तर ते त्याला जीभ लावून बघत. मातीचा दगड जिभेला चिकटतो, दुसरा चिकटत नाही. मॅडमनी बंदी घालून झाली, भिंतीवर पाटी लावून झाली. पाटीच्या खालीच उभं राहून सगळे जीभ लावायचे.

करवत्याने तुकडा दोन भागांत कापला, तळहाताने पुसला आणि आतल्या ताज्या बाजूला जीभ लावली. ती चिकटली. घारबाई नमुना न्यायला आली होती, ती बघत उभी राहिली. नेहमी क्षणात सुटते, या वेळी सुटेना. त्याने डोळे मोठे केले, हातवारे केले, आणि नाटकं पुरे म्हणून तिने त्याच्या पाठीत चापट मारली. मग बारीकसा आवाज होऊन जीभ सुटली.

"काय रे, चव कशी आहे?" तिने विचारलं.

"चव कसली? तहानलेला आहे बिचारा," तो म्हणाला आणि हसला.

दगडावर जिभेचा ओला ठसा राहिला होता. अशा दगडावरचा ठसा डोळ्यांदेखत शोषला जातो. हा संध्याकाळपर्यंत तसाच होता. दुसऱ्या दिवशीही होता. पातळ काप काढायचा तर तुकडा आधी कोरडा लागतो, नाहीतर काचेला चिकटत नाही. भट्टीत ठेवून पाहिला, उन्हात ठेवून पाहिला. आठवड्याने करवत्याने त्याच्यापुढे हात टेकले, दुसरा तुकडा कापला आणि हा वाया गेलेला घरी आणून खिडकीत ठेवला. वाऱ्याने पडदा उडतो, त्यावर ठेवायला बरा.

३

पंधरा दिवसांनी घारबाईच्या हातून भाजीत दोनदा मीठ पडलं. टिचकीने पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. तो मात्र मुकाट्याने जेवला, वर मागून घेतली. उपहासाने करतोय असं तिला वाटलं आणि रागही आला. मग ताटं उचलताना तिने सहज त्याच्या मानेवर ओठ टेकले, तो घामाने भिजला होता, आणि घामाला चवच नव्हती. नळाचं पाणी असावं तसा घाम.

तिच्या मनात पाल चुकचुकली, पण माणूस आपल्या मनाला काय काय समजावतो! उन्हाळा आहे, खूप पाणी पितो, त्यामुळे असेल. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. रक्तात सोडियम जरा कमी दिसतंय, मीठ वाढवा. महिन्याभरात नखं मऊ पडली, कागदासारखी वळायला लागली. कॅल्शियम कमी आहे, म्हणून गोळ्या दिल्या. मग पायांत गोळे यायला लागले. पोटॅशियम. आणखी गोळ्या. डॉक्टर भला माणूस होता. दर खेपेला हसून म्हणायचा की एकेक भोक बुजवत जाऊ, काळजी करू नका.

चौथ्या खेपेला त्याने नवऱ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरंफटक. "लोह कमी झालंय," तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला बसली आणि तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे मॅडमच्या अक्षरातला तक्ता वर्षानुवर्षं लटकत होता. खडक कुजताना त्यातून काय काय आणि कोणत्या क्रमाने निघून जातं, याचा तक्ता. सोडा. चुना. पोटॅश. लोखंड. डॉक्टरांच्या चार खेपांचा क्रमही हाच होता. हातातली काडी तिने खाली ठेवली.

तिने मॅडमना आडून विचारलं, लोखंड कसं काय जातं, ते तर गंजून जागीच राहतं ना? मॅडम खूश झाल्या. सांगायला लागल्या की आत्ता राहतं, आत्ता हवेत ऑक्सिजन आहे. तेव्हा नव्हता, म्हणून त्या मातीतून लोखंडसुद्धा पाण्याबरोबर वाहून गेलं.

"मग उरतं काय?" तिने विचारलं.

मॅडमनी तक्त्याच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे लाल रेघ मारून लिहिलं होतं: झिरकॉन. "हा जागचा हलत नाही. बाकीचं किती गेलं ते याच्यावरूनच मोजायचं."

४

घरात आता त्याचं गाणं ऐकू येत नव्हतं. गार चहा तो तसाच पीत होता. रुसण्याची ती पाच मिनिटं आपल्याला इतकी हवीशी वाटतील असं तिला कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. एकदा तर तिने मुद्दाम चार दिवस गार चहा दिला. काही नाही. माणूस भांडत नाही, कुरकुरत नाही, वाढलेलं खातो, सांगितलं तर झोपतो. शेजारणीला हेवा वाटला. घारबाईला त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

पण टिचकी चालू होती. रजेवर असला तरी संध्याकाळी तो बाहेर चक्कर मारून येई, दारात वाके, कपाळावर बोट वाजे. "आत कोण आहे?" "मी आहे!" आवाज तोच, वाकणं तेच. तेवढं ऐकलं की घारबाईचा जीव भांड्यात पडे. बाकीचं जाऊ दे, हे जागेवर आहे, तोवर तो आहे, असं तिने स्वतःला बजावलं. तिला धरून ठेवायला दुसरं काही नव्हतं.

दगडाकडे ती बरेच दिवस बघत नव्हती. अंगावर काटा येतो म्हणून नव्हे, तसं मान्य करणं मूर्खपणाचं वाटे म्हणून. एका रविवारी पडदा सरकवताना तो हाताशी आला. ठसा ओलाच होता. आणि त्याच्या कडेने पांढरी बुरशी धरावी तशी पूड जमली होती. तिने बोट लावलं, बोट जिभेला लावलं.

खारट. साधं मिठाचं खारट नाही. ही चव तिच्या ओळखीची होती, लग्नाला नऊ वर्षं झाली होती तिच्या.

फेकून द्यावा, हा पहिला विचार. पण फेकायचं काय? जे त्याच्यात उरलं नव्हतं ते यात होतं. मग तिने जे केलं ते दगडामातीत आयुष्य घालवलेलीच बाई करू जाणे. प्रयोगशाळेत करतात तसं तिने तो ठसा उकळून गार केलेल्या पाण्याने थेंबाथेंबाने धुतला, पाणी वाटीत धरलं, मंद आचेवर आटवलं, आणि तळाला राहिलेली पूड त्याच्या आमटीत घातली. रोज. अठरा दिवस. कुणाला बोलली नाही. तो जेवत असताना समोर बसून ती घासाघासाला त्याच्या तोंडाकडे बघत राही आणि मनात विनवणी करी की घे रे, तुझंच आहे, घे.

रोज सकाळी दगडावर पूड पुन्हा जमलेली असे. आदल्या दिवशीपेक्षा थोडी जास्त.

५

एकोणिसाव्या दिवशी दुपारी मॅडमनी तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्यांचे डोळे सुजले होते. घारबाईने त्या थरातून वेचलेले दाणे रेझिनमध्ये बसवून, अर्धे घासून, मोठ्या मायक्रोस्कोपखाली घातले होते. त्यांची चित्रं पडद्यावर होती.

वेचताना ते दाणे तिला अगदी नेटके वाटले होते. टोकं शाबूत, कडा शाबूत. आता ते अर्ध्यातून कापलेले होते आणि आतून जाळी होती. भाकरी फुगून आत पोकळ व्हावी तसं नव्हे, स्पंजासारखं बारीक, जिथेतिथे भोक, आणि त्या सगळ्याभोवती चेहरा जसाच्या तसा ठेवलेलं एक पातळ कवच.

मॅडम बोलत होत्या, स्वतःशीच बोलल्यासारख्या. या दाण्यांमध्ये मुळातच थोडं युरेनियम असतं. तेच कोट्यवधी वर्षं त्यांना आतून फोडत राहतं. बाहेरून काही कळत नाही. मग पाणी शिरतं आणि आतलं घेऊन जातं. आकार तेवढा राहतो.

"म्हणजे हासुद्धा गेला?" घारबाईने विचारलं.

"हासुद्धा गेला. नुसता जागेवर दिसतो," मॅडम म्हणाल्या. "सहा वर्षं मी याला धरून मोजत बसले. आता कशाला धरून मोजू, सांग ना."

घारबाईने घड्याळ पाहिलं. चार वाजत आले होते. साडेचारला टिचकी शाळेतून येते, तो घरी असतो. तिने पर्स उचलली आणि मॅडमना पडद्यासमोर तसंच सोडून ती निघाली.

६

जिना चढताना तिला वरून आवाज आला. टुक. मग त्याचा आवाज, "आत कोण आहे?" तिला हायसं वाटलं. पोर आली म्हणायची, आज दोघं लवकर भेटली.

मग थोडं थांबून पुन्हा, टुक. "आत कोण आहे?"

वळणावर ती थबकली. दार सताड उघडं होतं आणि तो बाहेरून उंबऱ्याशी उभा होता, वाकलेला. समोर कुणी नव्हतं. रिकाम्या दारात, टिचकीचं कपाळ जिथे असतं नेमक्या त्या उंचीला, तो हवेत टिचकी मारत होता. अंगठ्यावरून बोट सुटून तळव्याला लागलं की तो आवाज होत होता. विचारून झालं की "मी आहे" म्हणायला लागेल इतकाच वेळ तो थांबे. मग तोंडभर हसे. मग सरळ उभा राही आणि पुन्हा वाके.

तिने हाक मारली. तिला वाटलं होतं तिची हाक मोठी निघाली, पण बहुधा ती ओठांतच राहिली. तो पुन्हा हसला, आणि जिन्याच्या खिडकीतून आलेली तिरपी उन्हं त्याच्या उघड्या तोंडात पडली. दात होते. दातांच्या आत तिने जे पाहिलं ते क्षणभरच पाहिलं, आणि आपण नीट पाहिलं असं ती कुणाला शपथेवर सांगू शकली नसती. पण तासाभरापूर्वीच तिने पडद्यावर ती जाळी पाहिली होती, आणि तिची नजर घारीची होती.

त्याला धक्का लागू नये अशी अंग चोरून ती त्याच्या बाजूने आत गेली. नऊ वर्षांच्या संसारात तिला त्याची भीती पहिल्यांदा वाटली, आणि ती वाटल्याची शरम त्या भीतीहून मोठी होती.

७

टिचकी आतल्या खोलीत पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत बसली होती. दप्तर पाठीवर तसंच. आईला बघून तिने हुंदका दिला.

"बाबा हवेला विचारतो," ती म्हणाली. "मी आत जाऊन बसले तरी विचारतो. मी इथूनच उत्तर दिलं खूप वेळा. त्याला ऐकूच येत नाही."

घारबाईने तिला ओढून मांडीवर घेतलं. काही नाही गं, बाबाला बरं नाहीये, आपण त्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेऊ, असं काहीबाही बोलत तिने पोरीचे गाल पुसले, डोळ्यांचे मुके घेतले. एक, दोन. तिसऱ्या वेळी ती थांबली.

ओठ ओले झाले होते, आणि त्या आसवांना काहीच चव नव्हती.

सर्दी झाली असेल आपल्याला. दिवसभर काही खाल्लं नाही, तोंडाची चव गेली असेल. पोरीला तशीच पलंगावर ठेवून ती स्वयंपाकघरात गेली, डब्यातून मिठाची चिमूट घेतली आणि जिभेवर टाकली. मीठ झणकन लागलं. इतकं लागलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी ओठांपर्यंत ओघळलं तेव्हा तेही खारट होतं.

ती बाहेरच्या खोलीतल्या खिडकीशी गेली. दारात टुक, टुक चालूच होतं. तिने दगड उचलून उजेडात धरला. मधोमध त्याचा ठसा होता, रुंद, ओला, भोवती पांढरी पूड. अठरा दिवस ती त्याच्यावरच नजर रोखून बसली होती. खालच्या कडेला, तिचा अंगठा रोज जिथे यायचा तिथे, दुसरा एक ठसा होता. जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा. तोही ओला.

दगड हातात घेऊन ती आत आली आणि पोरीसमोर जमिनीवर बसली. रागावायचं नाही, ओरडायचं नाही, एवढंच ती स्वतःला सांगत होती.

"टिचके, तू याला जीभ लावलीस?"

मुलीने मान डोलावली. आईचा चेहरा बघून ती जरा बिचकली, मग सांगायला लागली. बाबाने शिकवलं होतं, दगड घरी आणला त्या दिवशीच. तिने लगेच नव्हती लावली, घाण वाटली म्हणून. मग बाबा हसेनासा झाला. तेव्हा तिला वाटलं आपण लावली तर बाबा हसेल. "चिकटली माझी. मग सुटली. बाबा नाही हसला."

"कधी गं?"

बोटं मोजून तिचं गणित जमेना. बरेच दिवस झाले, एवढंच तिला माहीत होतं.

लहान ठशाच्या कडेला पांढरी रेघ नुकती कुठे धरू लागली होती. पीठ चाळताना बोटाला लागावी एवढीच. अठरा दिवस आमटीत घालून काय झालं ते बाहेर दारात उभं होतं आणि हवेला विचारत होतं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. तरी तिने पर्समधून आपली वेचायची काडी काढली, टोकाचा केस त्या रेघेवरून फिरवला, एक कण सांडू न देता सगळी पूड बोटावर घेतली आणि बोट पोरीच्या तोंडात घातलं. पोरीने आज्ञाधारकपणे चाटलं. मग नाक मुरडलं.

"ई, आई, खारट आहे."

"तुझंच आहे," आई म्हणाली. "खा बाळा. सगळं खाऊन टाक."